'अ' वर्गातलं घर

मी माझ्या वडिलांच्या घराला 'अ' वर्गातून 'ब' वर्गात उतरवलं आणि त्या आनंदात पेढे वाटले. चूक माझी एकट्याची. बायकोचा तिच्यात हात नव्हता. तिचा फक्त फ्रिज होता. तो पुढे येईलच.

नाना, म्हणजे माझे वडील, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात 'ब' वर्गाचे अधिकारी होते. आमचं बालपण दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी नाना रीतसर परवानगी मागत. (ती येईपर्यंत कॅलेंडर जुनं झालेलं असे.) निवृत्त झाल्यावर त्यांनी फरीदाबादच्या एका नव्या सेक्टरमध्ये स्वतःचं घर बांधलं. भर मे महिन्यात, लूच्या गरम झळा चालू असताना, डोक्याला ओला पंचा गुंडाळून ते स्वतः पाइप धरून भिंतींवर पाणी मारायचे. मिस्त्री कंटाळून म्हणायचा, "बाऊजी, दीवार है, गुलाब नहीं!" नाना हसायचे आणि आणखी पाणी मारायचे.

घर झालं आणि नानांना एक व्यसन लागलं. घर दाखवण्याचं! तशी ही आपली रीतच. नव्या घरी पाहुणा आला की त्याला खोल्या दाखवायच्या, त्यानं "वा, प्रशस्त आहे" म्हणायचं, मग चहा. पण नाना पाहुण्याला टेकूच द्यायचे नाहीत. पाण्याचा पेला हातात धरून पाहुणा थेट गच्चीवर पोचायचा. वाटेत उत्तरेची भिंत लागे. "हात लावून बघा. ओलीचं नाव नाही!" पाहुणा मुकाट्यानं हात लावी. मग स्वयंपाकघर. तिथला ओटा चांगला वीतभर खाली होता. आई ठेंगणी होती. सरकारी ओट्यापुढे तिनं सगळा संसार पाटावर उभं राहून केला होता. नव्या ओट्यावर तिला एकच दिवाळी मिळाली. पुढची दिवाळी तिनं पाहिली नाही. ओट्यापाशी आले की एरवी न थांबणारे नाना एवढंच म्हणायचे, "हा हिच्या मापाचा."

मग सगळीकडे नवं वारं आलं. सेक्टरपलीकडच्या मोहरीच्या शेतांत बिल्डरांचे बोर्ड उगवले, गच्च्यांवर डिश अँटेना आल्या, ज्याच्या त्याच्या दारात मारुती उभी राहिली. टॅक्सच्या ऑफिसनं सगळ्या घरांचं मूल्य नव्यानं ठरवलं आणि आमचं घर सरळ 'अ' वर्गात नेऊन बसवलं. म्हणजे घरपट्टीही त्याच वर्गातली! मी नोटीस वाचून थयथयाट केला. नाना मात्र चष्मा पुसून ती पुन्हा पुन्हा वाचत होते.

"सुध्या, 'अ' दिलाय रे!"

"नाना, ही शाबासकी नाही, टॅक्स आहे!"

"असू दे की. मी मॅट्रिकला थर्ड क्लास, नोकरीत 'ब' वर्ग. घरात एकाला तरी 'अ' मिळाला!"

आणि त्यांनी ती नोटीस शोकेसच्या काचेला आतून चिकटवली. आता घर दाखवणं तिथून सुरू होऊ लागलं.

मी ओखल्याच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये होतो. कुठेही जादा आकडा दिसला की माझा हात शिवशिवतो. पैसे भरणं मला जड होतं असंही नाही. पण शर्मा, गुप्ता, अय्यर सगळे 'ब' आणि मीच तेवढा 'अ'? नानांनी घर माझ्या नावावर केलेलं होतं. मी त्यांना न सांगता हरकतीचा अर्ज ठोकला. पाहणीला इन्स्पेक्टर येणार असं कळलं तेव्हा मी ऑफिसातून रजा काढली, आणि नानांना सकाळीच करोलबागेत आत्याकडे धाडलं. "तिची तब्येत बरी नाही म्हणे." (आत्या ठणठणीत होती. आजही आतेभावंडांनी तिचं नाव घेतलं की मी खाली बघतो.)

नाना फाटकाबाहेर पडले आणि मी कामाला लागलो. पडदे उतरवले. सोफ्यावर जुनी सतरंजी टाकली. फ्रिज ढकलत ढकलत शेजारच्या खन्नाभाभींकडे नेला.

"भाईसाहब, शिफ्ट कर रहे हो क्या?"

"नहीं भाभीजी, बस... सफ़ाई!"

"फ्रिज की सफ़ाई मेरे घर में?"

परत आलो तर मीना, माझी बायको, दारात उभी. "अहो, हे बरं दिसत नाही."

"बरं दिसायला नकोच आहे! तोच तर पॉइंट आहे, यार!"

शेवटी मी बादली भरली आणि उत्तरेच्या भिंतीवर पाणी मारलं. नानांनी मारलं होतं तिथेच. फरक एवढाच, की त्यांनी भिंत पक्की व्हावी म्हणून मारलं होतं.

बेल वाजली. मी चेहरा गरीब करून दार उघडलं. दारात इन्स्पेक्टर होते, आणि त्यांचा हात धरून नाना!

"अरे, हे बस स्टॉपवर आपल्याच घराचा पत्ता विचारत होते," नाना फुलून म्हणाले. "म्हटलं, आत्या उद्या. पाहुणा आधी. आइए साहब, बैठना बाद में, पहले घर देखिए!"

इन्स्पेक्टर हरियाणवी, धिप्पाड आणि गोंधळलेले. नाना पुढे, ते मध्ये, मी मागे, अशी आमची वरात निघाली.

"ये देखिए, सरकार ने 'अ' दिया है," नाना शोकेसपाशी म्हणाले.

"ग़लती से दिया है, साहब," मी मागून म्हणालो.

"ये खिड़की, सीधी पूरब की हवा!"

"गर्मियों में लू आती है, साहब. सीधी!"

"ताऊ, थारा लड़का कुछ और ही कह रहा है," इन्स्पेक्टर म्हणाले. नानांनी हसून हात झटकला. मुलगा थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास होता.

मग उत्तरेची भिंत आली. "हाथ लगाकर देखिए. सीलन का नाम नहीं!" इन्स्पेक्टरांनी हात लावला आणि ओला हात पँटला पुसला. नानांनी हात लावला. मग दुसरा हात लावला. खाली वाकून भिंतीचा वास घेतला. "ही ओल कुठून आली रे, सुध्या?" त्यांनी मराठीत, अगदी हळू विचारलं. डॉक्टरला विचारावं तसं.

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण इन्स्पेक्टर वहीत काहीतरी लिहू लागले होते आणि मला केस जिंकल्याचा वास आला होता! मी त्यांना तडक स्वयंपाकघरात नेलं. "और ये देखिए साहब, ये प्लेटफ़ॉर्म. इतना नीचा! मेरी मिसेज़ की कमर टूट जाती है. बनानेवाले को नाप का कोई अंदाज़ा ही नहीं था!"

मीनानं माझ्याकडे पाहिलं. तिनं त्या ओट्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

नाना ओट्याला हात टेकून उभे होते. ते चिडतील, सगळं खरं सांगतील आणि माझी केस बुडेल म्हणून मी चटकन दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. केस बुडेल म्हणून!

"हाँ," नाना इन्स्पेक्टरांना म्हणाले. "लड़का ठीक कहता है. नाप में ग़लती हो गई."

आणि पाहुण्याला गच्ची न दाखवता ते आपल्या खोलीत जाऊन बसले.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मी पेढे आणले. नानांनी एक घेतला, "छान" म्हणाले आणि शोकेसवरची नोटीस अलगद सोडवून घडी करून मला दिली. "ही आता चुकीची झाली ना."

त्यानंतर नानांनी कुणालाही घर दाखवलं नाही. पाहुणा आला की म्हणायचे, "बसा. पाणी घ्या." सवयीनं पेला घेऊन उभे राहिलेले लोक चुळबुळत खाली बसायचे. "नाना, आज गच्ची नाही?" "गच्चीत काय बघायचं? घरासारखं घर." दिवाळीत सोफ्यावर सगळे बसले होते, आणि पुढ्यात आलेला पेढा मी तसाच परत ठेवला.

मी टॅक्सच्या ऑफिसात गेलो आणि आमचं घर परत 'अ' करा म्हणून विनंती केली. टेबलामागच्या बाबूंनी पेन खाली ठेवलं. "टैक्स घटाने लोग आते हैं. बढ़ाने कोई नहीं आता. घर में सब ठीक है?"

"तेच तर नाही," मी मराठीतच बोलून गेलो. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी मी नानांच्या पुढ्यात पाण्याचा पेला धरला आणि म्हणालो, "चला नाना, घर दाखवतो." ते गुडघे धरत उठले. मी त्यांना खिडकी दाखवली, पूर्वेची हवा सांगितली. उत्तरेच्या भिंतीला त्यांचा हात लावला. ती केव्हाच खडखडीत कोरडी झाली होती. बादलीचं सगळं सांगितलं. आत्याचंही. ओट्यापाशी मी नुसता हात टेकून उभा राहिलो. कसेबसे गच्चीवर पोचलो. तिथे कोवळ्या उन्हात त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणालो, "नाना, चुकलो. मला माफ करा."

नानांनी खिशातून भुईमुगाची एक शेंग काढून सोलली.

"इन्स्पेक्टरला कुठल्या भाषेत सांगितलंस?"

"हिंदीत."

"मग हिंदीतच माग. आणि तेवढ्याच मोठ्यानं."

मी उभा राहिलो. घसा खाकरला. "ये घर बहुत अच्छा बना है!" मी अख्ख्या फरीदाबादला ऐकू जाईल असं ओरडलो. "दीवारें पक्की हैं! प्लेटफ़ॉर्म बिल्कुल सही नाप का है, मेरी माँ के नाप का! बनानेवाले को सब मालूम था! मालूम मुझे नहीं था!"

शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीमागून खन्नाभाभींचं डोकं वर आलं.

"भाईसाहब, मकान बेच रहे हो क्या? इतनी तारीफ़ तो बेचनेवाला ही करता है!"

नाना हसले. डोळे पुसत, ठसका लागेपर्यंत हसले. मग खुर्चीतून उठत म्हणाले, "बेचना नहीं है, बेटी. तुम आओ. आओ, घर दिखाता हूँ."

खन्नाभाभींनी ते घर तोवर इतक्यांदा पाहिलं होतं, की डोळे मिटूनही त्यांना विजेचा मीटर सापडला असता. त्यांनी हातातला ओला टॉवेल तसाच धरून माझ्याकडे असं काही पाहिलं, की त्याच दुपारी मी दुसरी माफी त्यांचीही मागून टाकली.