मेंगारेल्लींची दगडी डोणी

आमच्या पिएत्रामुस्का गावात दोरोतेया मेंगारेल्लीइतकं पांढरंशुभ्र धुणं कुणाचं नव्हतं, आणि तिच्याइतकं तिखट तोंडही कुणाचं नव्हतं. धुण्याचं श्रेय तिच्या अंगणातल्या दगडी डोणीला. पुरुषभर लांब डोणी, बाहेरच्या अंगाला पंखवाली गुबगुबीत पोरं कोरलेली. त्यांच्या कुरळ्या केसांवर मोजे घासले की पंधरवड्याचा मळ सुटायचा. एका पोराचं नाक तिच्या आजोबांच्या बहिणीनं घासून संपवलं, दुसऱ्याचं आत्यानं. तिसऱ्याचं काम दोरोतेयाकडे चालू होतं.

मधोमध दोन अक्षरं, द आणि म. घरात शाळेचं तोंड कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं, पण तेवढी दोन सगळ्यांना यायची. आजोबांची बहीण दोमितिल्ला मेंगारेल्ली, तिचीच ती, असं पक्कं ठरलेलं. डोणीवरचा हक्क सुटू नये म्हणून घराण्यात थोरल्या मुलीचं नाव द वरून. आत्या देल्फिना, मग ही. भावजयीनं लेकीचं नाव लुचिया ठेवायचं काढलं, तेव्हा दोरोतेयानं तीन दिवस तिच्या हातचा पास्ता खाल्ला नाही. पोर देबोरा झाली.

एका सोमवारी शहरातल्या पुराणवस्तू खात्याच्या जिनेव्राबाई आल्या. तिशीच्या, चष्मेवाल्या. डोणीपुढे गुडघे टेकूनच बसल्या.

“आजी, ही रोमन काळातली शवपेटी आहे. यात मढं ठेवायचे.”

“ठेवत असतील. आज चादरी आहेत. हात नका घालू, नीळ टाकलीय.”

“आणि ही अक्षरं, दीस मानिबुस. म्हणजे पितरांना अर्पण.”

“छे! दोमितिल्ला मेंगारेल्ली.”

“आजी, ही अक्षरं अर्ध्या इटलीतल्या थडग्यांवर आहेत.”

“असतील की. आमचं घराणं मोठं होतं.”

कुंपणापलीकडून शेजारीण एर्सिलिया फिदीफिदी हसली. “म्हणजे तुझ्या ओस्वाल्दोच्या चड्ड्या इतकी वर्षं मढ्याच्या अंथरुणात!”

“तुझ्या जिभेपेक्षा स्वच्छ आहे ते अंथरूण,” दोरोतेया म्हणाली.

मग बाईंनी पुढचं सांगितलं. कायद्यानं डोणी सरकारची. पुढच्या आठवड्यात क्रेन येणार, डोणी शहरातल्या संग्रहालयात जाणार.

नवरा ओस्वाल्दो म्हणाला, “जाऊ दे ना. मुलानं पाठवलेलं धुण्याचं मशीन अजून खोक्यात आहे. माझ्या सदऱ्यांची बटणं तरी वाचतील.”

“मग मोजे कशावर घासू? तुझ्या टकलावर?”

क्रेन आली आणि वेशीच्या कमानीत अडकली. कमान पाडल्याशिवाय ती आत येईना, आणि कमान आठशे वर्षांची, तीही त्याच खात्याच्या यादीत. अख्खं गाव गोळा झालं. ड्रायव्हर बाईंकडे बघतोय, बाई कमानीकडे.

“आधी कमान न्या,” दोरोतेया म्हणाली. “मग डोणीचं बघू.”

शेवटी सरकारी कागद आला. देबोरानं तो मोठ्यानं वाचला. डोणी जागेवर राहील. दोरोतेयानं तिची राखण करावी. साबण, नीळ, कपडे धुणं बंद. दर सोमवारी साध्या पाण्यानं, मऊ फडक्यानं घासून स्वच्छ ठेवावी.

जीव काढून घेतला आणि कुडी ठेवली, असं झालं तिला. दोन दिवस ती अंगणात फिरकली नाही. ओस्वाल्दोनं मशीनच्या खोक्याची दोरी सोडली, तर त्याच्यावरही ओरडली नाही, तेव्हा मात्र तो घाबरला. तिसऱ्या दिवशी तिनं भाचीला हाक मारली.

“देबोरा, शेवटची ओळ परत वाच. फडकी किती, ते लिहिलंय?”

“नाही, आत्या.”

“कुणाची?”

“तेही नाही.”

सप्टेंबरात जिनेव्राबाई न कळवता आल्या. वार सोमवार. दोरीवर ओळीनं चौदा नग वाळत होते.

“हे काय, आजी?”

“फडकी. मऊ आहेत, हात लावून बघा. साबणाचा थेंब नाही हो, वास घ्या.”

“फडक्याला बाह्या?”

“धरायला बऱ्या पडतात.”

बाईंनी डोणीच्या आतून बोट फिरवलं. दगड लख्ख. बराच वेळ त्या वहीत तोंड खुपसून उभ्या होत्या, खांदे तेवढे हलत होते. मग लिहिलं, ‘राखण उत्तम, अशीच चालू ठेवावी.’

तेवढ्यात वरच्या खिडकीतून उघडाबंब ओस्वाल्दो ओरडला, “बाई, माझं एखादं फडकं वाळलं असेल तर वर पाठवा हो, थंडी वाजतेय!”