डाव्या पायाची खोड

आमच्या मामंजींची एक जाडजूड मोटरसायकल होती. ती मी चालवायची आणि मागे अक्का बसायची. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत थोरल्या बाईला अक्काच म्हणतात, मग ती जाऊ असो की बहीण. गाडी मला कुणी शिकवली नाही. मामंजी दुपारी झोपले की मी किल्ली घ्यायची. आमचं येलहंका तेव्हा गावच होतं, रस्त्यावर माणसांपेक्षा म्हशी जास्त. मामंजींना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पेट्रोल कोण भरणार?" झालं, तीच परवानगी. मग भाजी, लग्नकार्यं, अक्काचं माहेर, सगळीकडे आम्ही दोघी.

मामंजी गेल्यावर गाडी विकायची की नाही असा विषय निघाला, तेव्हा "विका" म्हणणारी मीच. पोरांच्या शाळा होत्या, कंबर धरायची, रहदारी वाढली होती. मला कुणी थांबवलं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. बाईने काही सोडलं म्हटलं की लोक लगेच सासरच्यांकडे बघतात. इथे सोडणारी मीच.

पंचवीस वर्षं गेली. अक्का एकाहत्तरची झाली, वरच्या मजल्यावर एकटी. तिची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला, कामात बुडालेली. ऑटोवाल्यांशी भांडायचा अक्काला कंटाळा, बसला दोनदा बदलायचा कंटाळा. हळूहळू तिचं जाणं जिन्यापर्यंत आलं. एकदा शेंगा सोलता सोलता म्हणाली, "आपण कशा हिंडायचो ग." एवढंच म्हणाली. माझ्या डोक्यात मात्र ते बसलं. मला गाडी हवी होती ती त्यासाठी. अक्का मागे बसलेली हवी होती, दुसरं काही नाही.

घरात बोलले तर आमचे हे म्हणाले, "एवढ्या पैशात दहा वर्षं ऑटोने फिरशील."

"ऑटो मला चालवायला देतात का?"

मग हे पेपर वाचायला लागले.

मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. त्यातले बाजूला ठेवलेले पैसे होते. नवी गाडी झेपणारी नव्हती. कोपऱ्यावरच्या मेकॅनिक अण्णाने बारा वर्षांची एक हलकी, कमी पेट्रोल पिणारी मोटरसायकल शोधून दिली. कागद अजून तीन वर्षं चालतील, म्हणाला, पुढे नवे करायचा खर्च वेगळा. टायर बदलले, बॅटरी बदलली, विमा काढला, दोन हेल्मेटं घेतली. प्रत्येक वेळी वाटायचं, झालं आता, आणि प्रत्येक वेळी काहीतरी उरलेलंच असायचं.

अण्णानेच सांगितलं होतं. "अम्मा, ह्या गाडीला गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या. तुमची जुनी उलटी होती. दहा दिवस क्लासला जावा. स्वल्प पैसे जातील, पण पाय सुधारेल."

"अरे, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून चालवते मी."

"तेच तर म्हणतोय, अम्मा."

क्लासचे चार हजार. मला शिकवायला मी चार हजार देऊ? त्याच पैशात मी अक्कासाठी मागची सीट जाड करून घेतली, पाठीला टेकायला गादी लावली, पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळी बसवली. सीट बघून अण्णा म्हणाला, "सरी, बरं, तुमची मर्जी."

अक्का आधी हेल्मेटावरून अडली. "माझा अंबाडा कुठे ठेवू? तुझ्या डिकीत?" आणि दुसऱ्या दिवशी वेणी घालून खाली आली. एकाहत्तराव्या वर्षी वेणी! मी हसले तर म्हणाली, "हसू नको, चालव." एका बाजूला बसली, जुन्या सवयीने उजवा हात माझ्या खांद्यावर. तळ्यापर्यंत गेलो, परत आलो. वाटेत कुणी ओळखीचं दिसलं की ती मला थांबायला लावायची, हेल्मेट काढायची, बोलायची, पुन्हा घालायची. दोन किलोमीटरला दीड तास लागला.

आता जे सांगायचं ते सांगते. त्याच आठवड्यात मी एकटी असताना गल्लीत कुत्रं आडवं आलं आणि माझा डावा पाय खाली गेला. ब्रेक दाबायला. जुन्या गाडीचा ब्रेक तिथे होता ना! ह्या गाडीत तिथे गिअर. गाडीने खाड् आवाज करून गचका दिला, कुत्रं आपलं निघून गेलं. विचार करून चालवत होते तोवर पाय शहाणा होता. दचकले की पंचवीस वर्षं मागे जात होता. मला ते तिथेच कळलं. मी अण्णाला सांगितलं नाही, अक्काला तर नाहीच. सांगितलं असतं तर क्लास लागला असता, आणि रविवारी आम्हाला मारतहळ्ळीला जायचं होतं.

रविवारी सकाळी रिंग रोडच्या बाजूच्या रस्त्यावर पुढची ऑटो सवारी घ्यायला थांबली. वेग काही नव्हता. माझा डावा पाय आपटला. गाडीने तसाच गचका दिला, मी हातातला ब्रेक आवळला, आणि खांद्यावरचा हात सुटला. मागे बघते तर अक्का रस्त्यावर बसलेली, उजवा हात मांडीवर धरून. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. मनगट गेलं. मी पडलेच नाही. मी गाडीवर तशीच उभी होते, पाय टेकून. तेच मला अजून सोसत नाही.

सहा आठवडे प्लास्टर. रोज सकाळी मी वर जाऊन तिचे केस विंचरायची, तिला डाव्या हाताने चमच्याने जेवायला शिकवायची. भेटायला येणाऱ्यांना तीच सांगायची, "तो ऑटोवाला मधेच थांबला, ही काय करणार?" लोक ऑटोवाल्यांना शिव्या घालायचे. मी चहा ओतायची.

प्लास्टर काढायच्या आदल्या दिवशी, केस विंचरत तिच्या पाठीमागे उभी होते, तोंड दिसत नव्हतं, म्हणून धीर झाला. म्हटलं, "अक्का, ऑटोचं काही नव्हतं. माझा पाय चुकला. आधीही एकदा चुकला होता. तुला बोलले नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"एका बाजूला बसते ना मी. तुझा डावा पाय माझ्यासमोरच होता. आपटलास की."

"मग सगळ्यांना ऑटो, ऑटो काय सांगत होतीस?"

"मग काय सांगू? पाय म्हटलं असतं तर तुझ्या नवऱ्याने संध्याकाळपर्यंत गाडी विकली असती." मग म्हणाली, "ओढू नको, दुखतं."

सहा आठवडे ती मला सांभाळत होती आणि मी समजत होते मी तिला सांभाळते आहे.

पुढच्याच सोमवारी मी क्लासला गेले. वीस-बावीस वर्षांच्या पोरींमध्ये मी एकटी पांढऱ्या केसांची. शिकवणारी बाई ओरडायची, "अम्मा, उजवा! उजवा!" ती न सांगता मधेच शिट्टी मारायची, आणि शिट्टी ऐकली की थांबायचं. पहिले सहा दिवस डावाच पाय गेला. नवव्या दिवशी नाही गेला. चार हजार गेलेच शेवटी, वर हाडाच्या डॉक्टरचे वेगळे.

पाय सुधारला, हे मी अक्काला वर जाऊन सांगितलं. अण्णाला साक्षीला बोलावते म्हटलं.

"छान झालं," ती म्हणाली. "चालव आता. विकू नको."

"आणि तू?"

"मी बसने जाते. बायकांना फुकट आहे. तुझ्या गाडीला पेट्रोल लागतं."

"रागावलीस का?"

"राग कसला? भीती वाटते ग. ह्या वयात कुणाला दाखवायला धीट होऊ?" आणि मनगट चोळत राहिली. मूठ अजून पुरी मिटत नाही.

मी परत विचारलं नाही. एकदाच, दिवाळीच्या आधी, नुसती वेणीची रिबन घेऊन वर गेले होते. तिने ती ठेवून घेतली, अंबाड्याला गुंडाळली.

आता महिन्यातून एकदा मारतहळ्ळीला आम्ही दोघी जातो. ती बसने, मी गाडीने. तिला बसमध्ये बसवून मी निघते आणि कितीही हळू चालवली तरी आधी पोचते. पुलाखाली सावली असते, तिथे स्टॉपपाशी गाडी लावून उभी राहते. अर्धा तास, कधी पाऊण. बस आली की पुढच्या दाराशी जाते. ती डाव्या हाताने दांडी धरून एकेक पायरी उतरते, पिशवी माझ्याकडे देते आणि विचारते, "कधीची आलीस?"

"आत्ताच," मी म्हणते.