जालमसिंगने हात लावला नाही

हळू बोला हो. नवलसिंग मागच्या खळ्यात बैल सोडतोय, आणि ही गोष्ट त्याच्या कानावर जायला नको. जालमसिंगचं गावात कोणालाही विचारा, एकच ऐकाल: बायको मरत होती आणि हा नाचत होता. नाचत होता, खरंय. मी तिथेच होते. पण मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही.

मी लग्न होऊन ब्राह्मणपुरीत आले तेव्हापासून पाहत होते. होळी झाली की सातपुड्यातले नाचे फाग, म्हणजे होळीचं दान, मागायला खाली उतरायचे. डोक्याला मोरपिसांचा टोप, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू. सगळ्यांत पुढे जालमसिंग. आमच्या पोरांना तो हाताला धरून पावलं शिकवायचा. हिंमतराव पाटील गुळाची ढेप द्यायचे, आम्ही बायका सुपाने दाणे घालायचो. आम्हाला वाटायचं, गंमत आहे. त्यात कोणाचा नवस असतो, हे इथे कोणाच्या बापाला माहीत?

मानमोडीच्या तापाच्या साथीनंतरची होळी. त्या वर्षी त्याची बायको भुरीबाई पण मागोमाग आली होती, पाच वर्षांच्या नवलसिंगला बोटाला धरून. भर दुपारी चौकात नाच रंगात आला असताना ती लिंबाखाली बसली आणि ओकायला लागली. मग जुलाब. कोणीतरी पटकी म्हणालं आणि चौक रिकामा झाला. आदल्या साथीत घराघरातून माणसं गेलेली, सगळे भ्यालेले. सोबतचे नाचेसुद्धा लांब जाऊन उभे राहिले.

जालमसिंग धावत आला आणि तिच्यापासून चार हातांवर थांबला. हात पुढे केला, परत मागे घेतला. माझं डोकंच फिरलं. दारातूनच म्हटलं, "बायको शे ना तुन्ही? उचल तिले."

 तो म्हणाला, "माय, पाणी पाज तिले."

सासू मागून शिव्या घालत होती. मी तांब्या घेऊन गेले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. भुरीबाईला आमची बोली मोडकीतोडकी यायची. तेवढ्यातच तिने सांगितलं. आधीची लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून नवलसिंग जगावा यासाठी जालमसिंगने पाच होळ्या नाचायचा नवस बोलला होता. ही पाचवी. कमरेला घुंगरू आहेत तोवर खाटेवर निजायचं नाही, अंघोळ नाही, बायकोला हात लावायचा नाही. घरी जाऊन देवापुढे घुंगरू सोडले की नवस फिटला. मधे मोडला तर पोर जाणार. "त्याले हात लावू देऊ नको," म्हणाली. स्वतः मरत होती, आणि मला नवऱ्यावर राखण बसवत होती.

थोड्या वेळाने तिला दिसेनासं झालं. हात चाचपडायला लागले, नवरा कुठे गेला म्हणून. जालमसिंगने पाय आपटला. घुंगरू वाजले आणि तिचे हात निवले. तो थांबला की ती पुन्हा चाचपडायची. म्हणून नाचला हो तो. ना ढोल, ना कोणी बघणारं. ऊन उतरेपर्यंत नाचला, रडत रडत. पोरगं समोर उभं राहून सगळं पाहत होतं.

दिवस मावळताना ती गेली. तिला खांदासुद्धा त्याला देता आला नाही.

डोंगरात घरी पोर सांभाळायला कोणी बाई नव्हती. नवस फेडून तो नवलसिंगला घेऊन परत खाली आला आणि हिंमतरावांकडे सालाने राहिला. पोर आमच्या गल्लीत वाढलं, आमच्याच बोलीत बोलायला लागलं. मी सासूला, शेजारणींना खरं सांगून पाहिलं. त्या म्हणायच्या, असा कुठला देव, मरणाऱ्याला हात लावू नको म्हणणारा? नवलसिंगला मिसरूड फुटलं तसं त्याने बापाशी बोलणं टाकलं. एकदा खळ्यात चारचौघांत म्हणाला, "मन्ही माय मरी ऱ्हायनी व्हती नि तू नाची ऱ्हायना व्हता." जालमसिंगने मान खाली घातली आणि कणसं बडवत राहिला.

मी तडक निघाले पोराला सांगायला. जालमसिंग आडवा आला. "आपलामुळे माय गयी, आसं वाटी त्याले," म्हणाला. "मन्हावर राग ऱ्हाऊ दे." आणि मला नवलसिंगच्याच डोक्याची शपथ घातली. त्याला मी नाही नाही ते बोलले. पण ज्या डोक्यासाठी भुरीबाई हात न लावून घेता गेली, त्याची शपथ मी कशी मोडू?

दोन वर्षांमागे जालमसिंग गेला. होळीच्या तोंडावर, त्याच लिंबाखाली. नवलसिंगला शेतातून बोलावून आणलं. तो आला आणि चार हातांवर उभा राहिला.

"उचल रे बापाले," हिंमतराव म्हणाले.

"त्यानी मन्ही मायले हात लाया का? मी बी नही लावस."

सगळे माझ्याकडे बघतायत असं मला वाटलं. कोणी बघत नव्हतं. नवलसिंग समोर उभा, धडधाकट, डोक्याला मुंडासं. जीभ नुसती शिवशिवत होती. मी घरात गेले, तांब्या भरून आणला आणि जालमसिंगच्या तोंडात पाणी घातलं.

"काकू," नवलसिंग म्हणाला, "दोन्हीसले तूच पाणी पाजं."

"हाव," मी म्हटलं.