फिनलंडमधला गोल

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या फिजिओथेरपिस्टनं परवा माझ्या घोट्यावर बर्फाची पिशवी बांधली. थोड्या वेळानं पाऊल बधिर झालं आणि मला फिनलंडमधलं एक मैदान आठवलं.

तिथं मी फुटबॉलच्या खालच्या डिव्हिजनमध्ये डिफेन्सला खेळायचो. एका क्लबनं सोडलं की दुसरा शोधायचा, असं चाललं होतं. ती मोसमातली शेवटची मॅच. गवतावर बर्फ भुरभुरत होता, बुटात बोटं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. आमच्या कॉर्नरला गोलसमोरच्या गर्दीत मी नुसता पाय पुढं केला आणि चेंडू जाळ्यात गेला. परदेशातला माझा पहिला गोल. सगळे अंगावर येऊन पडले. मला मात्र चेंडू पायाला लागल्याचंही जाणवलं नव्हतं.

मॅचनंतर कपडे बदलताना कोच शेजारी येऊन बसला. "पुढच्या मोसमात तुला ठेवत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. मी मान हलवली आणि बुटाची लेस सोडत राहिलो.

बाहेर येऊन थोरल्या भावाला फोन लावला. तोही माझ्यासारखाच कोल्हापुरात आमच्या पेठेच्या संघातून खेळलेला.

"दादा, गोल मारला. आणि मला काढलं."

त्यानं विचारलं, "कुठल्या पायानं मारलास?"

"डाव्या."

"डाव्या? तुझा डावा तर नुसता उभं ऱ्हायला हाय की रं!" आणि मोठ्यानं हसत सुटला.

मला हसू आलं नाही, रागही आला नाही. कितीतरी वर्षं मी समजत होतो, माझं दुसरं वाक्य त्यानं ऐकलंच नाही. आता वाटतं, त्यानं तेवढंच ऐकलं होतं, म्हणून तर पायाचा विषय काढला.