सुपरहिरोची गोष्ट कुणी सांगायची

झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईंच्या पायाला त्या आठवड्यात भिंगरी लागली होती. गिऱ्हाईक पुढे उभं, मशीन घरघरतंय आणि ताई मागच्या कपाटापर्यंत जाऊन उगाचच परत येतायत. एका वकिलाच्या कागदांच्या पाठपोट प्रती काढायच्या होत्या, त्या त्यांनी सगळ्या उलट्या काढल्या. वकील नुसता चष्म्यावरून बघत राहिला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

खरं कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते. चाळिशी उलटलेली ही बाई सुपरहिरोची गोष्ट लिहीत होती, तीही बिघडलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर, दुकानात कुणी नसेल तेव्हा. त्यांचा नायक विजेच्या तारांवरून चालायचा, आभाळातली वीज मुठीत धरायचा आणि अंधारात बुडालेलं शहर उजळून टाकायचा. मुलांच्या मासिकाच्या संपादकबाईंना गोष्ट आवडली होती. पण त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला आणि ताईंचा जीव टांगणीला लागला.

"हे सांगतंय कोण? एकीकडे 'मी उडी मारली' म्हणता, आणि पुढच्याच ओळीत खलनायकाच्या पोटात काय शिजतंय तेही याला ठाऊक. असं नाही चालत हो. कुणातरी एकाच्या डोळ्यांनी बघा. सोमवारपर्यंत द्या, नाहीतर त्या पानांवर मी कोडी छापते."

ताईंनी आधी सगळं 'तो' करून पाहिलं. झाली वर्तमानपत्रातली बातमी. मग खलनायकाच्या तोंडून सांगून पाहिलं, तर मेला तोच गोड वाटायला लागला आणि नायक शिष्ट. फिरून फिरून गाडी पुन्हा 'मी'वर आली, आणि तिथे खरी अडचण होती. नायक कुणावरून घेतलाय हे ताईंनी संपादकबाईंना सांगितलं नव्हतं. ताईंचे वडील जन्मभर वायरमन होते. वादळात तारा तुटल्या की ताटावरून उठून जायचे. विजेच्या खांबावर असताना त्यांच्या मनात काय असायचं? आपण असायचो का? हे ताईंनी आजवर विचारलं नव्हतं आणि आता ते विचारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नव्हती.

रविवारी दुपारी बाबा गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. ताईंनी 'मी'वाला मजकूर वाचायला घेतला. "वारा अंगावर येत होता. मी तार धरली आणि मला घरी वाट बघणारी माझी लेक आठवली."

"मेला हा," बाबा म्हणाले.

"का?"

"अगं, खांबावर घर आठवून कसं चालेल? आपला हात कुठे आहे, तेवढंच बघायचं."

"म्हणजे कधीच नाही? आमची कुणाचीच आठवण नाही?"

"वर असताना नाही."

ताई तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागल्या. राग आला होता, रडूही येत होतं, आणि दोन्हीची लाज वाटत होती. माणसानं खरं उत्तर दिलं, त्यात त्याचा काय दोष? पण मग त्याच्या मनातलं सांगणाऱ्या आपण कोण टिकोजीराव लागून गेलो? आपल्याला माहीत आहे ती फक्त आपली बाजू. हात ओले असतानाच त्यांनी कागद ओढला आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच लिहीत सुटल्या. चहा झाला तरी त्यांचं लिहिणं संपेना. शेवटी बाबांनी हाक मारली तेव्हा बाहेर येऊन त्यांनी वाचायला सुरुवात केली.

आता गोष्ट नायकाची मुलगी सांगत होती. ती खिडकीत उभी आहे. बाहेर मिट्ट काळोख. एकदम दिवे येतात आणि सगळी गल्ली आनंदानं ओरडते. ती एकटीच ओरडत नाही. दिवे आले म्हणजे तारेत वीज आली, आणि तारेवर तिचे बाबा आहेत. जिन्यावर त्यांची पावलं वाजेपर्यंत ती खिडकीचे गज सोडत नाही.

बाबा हसले. "काहीतरीच. मी खाली उतरल्याशिवाय लाईन चालूच करत नसत. दिवे यायचे तेव्हा मी जमिनीवर असायचो."

"हे मला कुणी सांगितलं होतं?"

बाबांचं हसू मावळलं. तेलाची वाटी त्यांनी जरा लांब सरकवली.

"दर वेळी अशीच उभी असायचीस?"

"दर वेळी."

"मी खांबाखाली उभा राहून ऐकायचो. गल्ली ओरडली, की मग घर आठवायचं. वाटायचं, त्यात सगळ्यात मोठा आवाज तुझा."

कागद हातात तसेच धरून ताई खुर्चीभोवती एक फेरी मारून आल्या.

"मी एकदाही ओरडले नाही, बाबा."

"त्या पोरीला तरी आधी सांगून टाक. तिचा बाप खाली उतरलाय म्हणून."

"कसं सांगू? गोष्ट तीच सांगतेय," ताई म्हणाल्या. "आणि तिच्या खिडकीतून खांबाचा पाया दिसत नाही."