पूजलेला दोर

नाथाजी लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तरी इस्लामपूरकडच्या त्यांच्या गावात त्यांना सगळे मेजरच म्हणत. जखमी जवानांना दोरानं कड्यावरून उतरवण्यात त्यांची नोकरी सरली होती. गावी आल्यावर त्यांनी विहिरीत पडलेल्यांना काढायला एक पथक उभं केलं. त्यात अंगानं हलकी आणि धीट त्यांची सून अंकिता, म्हणून खाली उतरायची ती तीच. नवरात्रात नाथाजी लेकीकडं म्हसवडला गेले होते, तेव्हा माजी सरपंच नानासोंची आई, बयाबाई, मळ्यातल्या विहिरीत पडली. अंकितानं तिला जिवंत वर काढलं. त्याच कौतुकापायी दसऱ्याला, त्याच विहिरीवर, गावासमोर प्रात्यक्षिक ठरलं.

पथकाचा दोर आला तो हार घालून. आदल्या दिवशी खंडेनवमीला त्याची हळदकुंकू, नारळ अशी यथासांग पूजा झाली होती. नाथाजींनी हार बाजूला काढला आणि दोर तसूतसूनं बोटांतून सोडू लागले. एका ठिकाणी बोटं थांबली. वरचं विणलेलं कवच धड होतं, पण आतला गाभा हाताला लागेना. चिमटीत दोर चपटा झाला. वजन पेलतो तो गाभा. कवच नुसतं त्याला जपतं. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, तशातली गत.

"ह्यानं काय वढलंय?"

नानासो हसत म्हणाले, "ऊसबेण्याची ट्रॉली रुतली व्हती, मेजर. दोन हिसक्यात भाईर."

नाथाजींना शिसारी आली. ओवाळायला सगळं गाव पुढं, आणि जपायला एक माणूस नाही.

"आवं, तीन टन पेलणारा दोर," नानासो समजावू लागले. "तुमची सून पन्नास किलोची. एवढं कशाला पायजे?"

"गाठ मारली की तिसरा हिस्सा गेला. काठावर घासला की आनखी गेला. माणूस सटकलं तर हिसक्यानं पन्नासाचं पाचशे व्हतंय. वरचं बळ हाय ते ह्यासाठी हाय, तुमच्या ट्रॉलीसाठी न्हाई. पटत नसंल तर पयलं तुमी उतरा."

"मला कुठं सराव हाय? अंकिताला उतरू द्या की."

नाथाजींनी शेजारचा कोयता उचलला आणि दोर तिथंच तोडला. पूजलेला दोर, तोही सणाच्या दिवशी, म्हणून बायाबापड्यांत कुजबुज झाली. तुटलेल्या तोंडातून आधीच तुटलेल्या धाग्यांचा पुंजका बाहेर आला.

"ट्रॉली कवा वढली?"

"सर्वपित्रीला."

"म्हंजे तुमची आई पडायच्या आदी."

ह्याच दोरावर बयाबाईला घेऊन वर आलेल्या अंकितानं ते तुटलेलं टोक उचलून पाहिलं. नानासोही वाकून ते धागे बघू लागले. आता तरी ह्या माणसाला उमजलं, असं नाथाजींना वाटलं.

"निघाली न्हवं आई वर?" नानासो म्हणाले. "मग दोर चांगलाच व्हता की. उगं तोडला."