आमच्या ह्यांचं तोंड आणि शेवटचा मंगळवार

आमच्या ह्यांच्या तोंडाला कुलूप लावायची सोय असती, तर किल्ली मी कधीच समुद्रात फेकली असती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी आम्ही अझरबैजानातल्या लेंकरानहून इस्तंबूलला आलो, तेव्हा या इमारतीत आपल्याकडचं घर आमचं एकटंच. आता चौदा झालीत. प्रत्येकाला जागा ह्यांनीच शोधून दिली आणि रोज प्रत्येकावर खेकसतातही हेच. जिन्यात चपला का, गालिचा गच्चीत का झटकला, एक ना दोन!

नवरोजच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, आधीच्या शेवटच्या मंगळवारी मी दिवसभर बजावत होते, "संध्याकाळी जरा गोड बोला. पोरी मनात इच्छा धरून दाराशी कान लावतात. पहिले शब्द जसे कानावर पडतील, तसं होतं."

"मग दुसरीकडे लावा म्हणावं. चौदा दारं आहेत!"

आणि नेमका ऐन संध्याकाळी बॉयलर दुरुस्त करणाऱ्याचा फोन आला. हे कडाडले, "दोनदा करून बघितलं ना? काही होणार नाही त्याचं. परत पाठवून दे!"

दाराबाहेर वरच्या मजल्यावरची फिदान उभी होती. नर्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली, तिसरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. यंदा जमलं नाही तर लेंकरानला परत, असं घरात ठरलेलं.

सकाळी तिची आई रडत आली. पोरगी परीक्षेला जायचं सोडून पेटी भरत बसली होती. मला इतका संताप आला की ह्यांना हाताला धरून वर पिटाळलं आणि मागोमाग गेले.

"अगं, मी बॉयलरच्या पंपाबद्दल बोलत होतो!" हे जिन्यातूनच ओरडले.

"पहिले शब्द ते पहिले शब्द, काका," फिदान म्हणाली.

"अठ्ठावीस वर्षं ओरडतोय, कुणी माझं एक वाक्य मनावर घेतलं नाही. चपला अजून जिन्यातच आहेत! आणि तू नेमकं पंपाचं धरून बसलीस?"

ती पेटी भरतच राहिली. हे धापा टाकत तिच्या उंबऱ्यावर बसले.

"पहिल्या वर्षी मीही गेलो होतो ऐकायला. खालच्या तुर्की बाईंच्या दाराशी. 'ही परकी माणसं महिनाभरसुद्धा टिकायची नाहीत,' म्हणत होत्या."

"मग?"

"मग काय? बूट घाल. उशीर होतोय."

तिने बूट घातले. मी जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभी होते. त्या वर्षी ह्यांनी मला सांगितलं होतं, बाई म्हणाल्या, 'देवाने चांगला शेजार दिला.' त्या एका वाक्यावर मी बांधलेली पेटी सोडली होती.